पहिल्या बारीची घोडी

बैलगाडा शर्यतीवर लिहायचं म्हटलं की लोक बैलांवर लिहितात. आमच्या भागात बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स माणसाच्या फ्लेक्सपेक्षा मोठा असतो, आणि त्यावरची माणसं बैलापेक्षा रागीट दिसतात. घोडीवर कोणी लिहीत नाही. मी लिहिणार आहे, कारण घोडीच्या बाबतीत आमच्या गावानं एकदा नालायकपणा केला, आणि तो निस्तरताना थोडा मीही केला.

ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्नर-आंबेगावकडं शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. टेकाडाच्या अंगानं वर चढत जाणारी लांब पट्टी, दोन्हीकडं मातीचे बांध, बांधांवर माणसं. खाली गाडा जुंपतात, त्याला चार बैल. बैलांच्या पुढं एक घोडी आणि तिच्यावर स्वार. घोडी सुटली की बैल तिच्या मागं सुटतात. एका वेळी एकच गाडा, शर्यत घड्याळाशी. अशा एका धावेला बारी म्हणायचं. वरच्या टोकाला चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ आणि रेघेपाशी निशाणवाला. रेघ ओलांडली की निशाण खाली, घड्याळ बंद.

आमच्या गावात ते निशाण माझ्या वडिलांच्या हातात असतं. आधी आजोबांच्या होतं.

आता आमच्या गावाची खास रीत. यात्रेच्या सकाळी पहिली बारी गाड्याची नसते, नुसत्या घोडीची असते. ती एकटी घाट चढते, वडील निशाण पाडतात, मग घाट खुला. ते निशाण पडल्याशिवाय कोणाचाही गाडा सुटत नाही, मग तो आमदाराचा असो की देवाचा. आणि तेवढ्या एका बारीला सगळी वाजंत्री गप्प. हलगी बगलेत, स्पीकर बंद. टापा ऐकू आल्या पाहिजेत. कोणाला? पुजारी म्हणतात देवाला, गाडामालक म्हणतात बैलांना. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

ही घोडी येते जुन्नरहून, चाचांची. त्यांच्या घरात पूर्वी टांगा होता. टांगा गेला, मुलांनी गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान काढलं, पण चाचांनी घोडी सोडली नाही. साठी ओलांडली तरी अंगावर मांस नाही, खोगिराशिवाय बसतात आणि उतरल्यावर आधी घोडीचं तोंड पुसतात, मग स्वतःचं. यात्रेआधी आमच्या गावातून यात्रा कमिटीचे अध्यक्ष स्वतः जुन्नरला जाऊन, पानसुपारी देऊन त्यांना पहिल्या बारीचं आमंत्रण करतात. ही त्यांच्या वडिलांपासूनची चाल.

शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत घाटात गवत वाढलं. गाडामालक मोर्चे काढत होते, बैल गोठ्यात जाड होत होते, आणि यात्रेला येऊन पाव्हणे नुसतं मटण खाऊन परत जात होते. त्या वर्षांतही चाचा दर यात्रेला आले. गवतातून एकटी घोडी वर काढायचे. वडील निशाण पाडायचे. बांधावर आम्ही मोजकी माणसं. एकदा बंदोबस्तावरच्या हवालदारानं अडवलं, तर चाचा म्हणाले, "साहेब, बंदी बैलांवर हाय. घोडीचं नाव दाखवा कागदात." हवालदारानं कागद खरंच उलटापालटा करून पाहिला. मी तेव्हा शाळेत होते. पुढं आयुष्यात कागद नीट वाचायची सवय लागली ती त्या दिवसापासून.

एवढं सगळं माहीत असताना, मागं एका यात्रेला आमच्या कमिटीनं पहिली बारी एका शेठला देऊन टाकली.

शेठ प्लॉटिंगवाले. येडगावच्या धरणाकडं त्यांचं मंगल कार्यालय आहे. मांडव, बक्षिसाच्या ढाली, जेवणावळ सगळं त्यांच्याकडून. बदल्यात एकच इच्छा, त्यांचा पांढरा घोडा पहिल्या बारीला पळावा आणि त्याचं ड्रोननं शूटिंग व्हावं. अध्यक्ष जुन्नरला गेलेच नाहीत. फोनसुद्धा केला नाही. चाचांना ही बातमी कळली ती दुकानात सीटकव्हर शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून.

मी चाचांकडं गेले. घोडी दुकानाच्या मागं लिंबाखाली बांधलेली. ते तिची आयाळ विंचरत होते.

"यंदा येणार न्हाई काय चाचा?"

"येणार की. मढ गावाकडच्या पाव्हण्यांना शब्द दिलाय, त्यांच्या गाड्याफुडं पळायचंय. त्यांचे बैल हिच्याबिगर हलत न्हाईत." मग कंगव्यातले केस काढत म्हणाले, "ती बारी झाली का फुडच्या बाजाराला हिला बेल्ह्याला नेतो. पोरं म्हणत्यात, आता कशापायी ठिवायची. खरं हाय. आजवर सांगत व्हतो, पहिल्या बारीचा मान हाय आपला. आता काय सांगू?"

बेल्ह्याचा बाजार बैलांचा. तिथं म्हाताऱ्या होत चाललेल्या घोडीला कोण घेणार आणि कशासाठी घेणार, हे मी विचारलं नाही.

मी चळवळीतली. कॉलेजात असल्यापासून पत्रकं काढते. रस्त्याचं पत्रक, एस.टी.चं पत्रक, धरणग्रस्तांचं पत्रक. राग आला की माझा हात आपोआप मथळा लिहितो. त्या रात्रीत मी दोन्ही बाजूंनी भरलेलं पत्रक काढलं: "धनदांडग्यांच्या दावणीला बांधलेल्या यात्रा कमिटीचा जाहीर धिक्कार!" आत शेठ, अध्यक्ष, भांडवल, सरंजामशाही, अल्पसंख्याक बांधवांचा अवमान, सगळं घातलं. सकाळी स्टँडवर, चावडीत, डेअरीवर वाटलं.

दुपारी देवळाच्या स्पीकरवरून अध्यक्षांचा आवाज आला: "आपल्या गावच्या कन्येनं सोखर्चानं पत्रक काढून यंदाच्या यात्रेची घरोघर जाहिरात केल्याबद्दल कमिटीच्या वतीनं तिचे हार्दिक आभार! शेठच्या घोड्याची बारी सकाळी ठीक नऊ वाजता. चुकवू नका."

मी घरात होते. आई हसून हसून भाकरी थापायची थांबली.

चाचांचा फोन त्याहून वाईट. "बेटा, पत्रक वाचलं. मी अल्पसंख्याक बांधव कवापास्नं झालो?"

"चाचा, तसं लिहावं लागतं."

"मी घोडीवाला हाय. माझी घोडी काढली, जात कुठं काढली? आन् दोन पानं लिवलीस, घोडीचं नाव एकदा बी न्हाई त्यात."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी पत्रक परत वाचलं. सरंजामशाही सात वेळा होती, घोडी एकदाच, तीसुद्धा "घोडेबाजार" या शब्दात.

चिडून देवळामागच्या पारावर बसले होते, तिथं हलगीवाले मामा आले. आमच्या यात्रेची हलगी त्यांची, लग्नावरातींतही तेच वाजवतात. सख्खे मामा नाहीत, पण मला लहानपणापासून भाचीसारखं चिडवतात. माझं पत्रक त्यांच्या खिशात घडी घालून होतं.

"लई जड लिवलंस गं. वाचता वाचता माझा चहा निवला."

"चेष्टा पुरे मामा. त्या घोड्याला पळवणार, आणि चाचांची घोडी बाजारात जाणार. काय करायचं सांगा."

"पळवणार?" मामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं. "ह्यो घोडा पळतो हे कोणी सांगितलं तुला? येडगावात शेठच्या पुतण्याच्या लग्नात मीच वाजवली. वरातीचा घोडा हाय त्यो, तायडे. हलगी ऐकली की पळायचं सोड, त्यो खाटंवर चढून नाचतो. तासभर. उतरवायला चार माणसं लागली."

"पण पहिल्या बारीला हलगी बंद असते."

"आसती खरं," मामा म्हणाले आणि तंबाखू ओठात सोडली. "आमच्या बापजाद्यांपास्नं आमी बगलंत हलगी धरून हुबं. कोणी आर्ज केला न्हाई कधी आमच्या वतीनं. तू येवढी पत्रकं काढती."

मी लगेच उठले. आयुष्यातला सगळ्यात छोटा अर्ज लिहिला. "पहिल्या बारीच्या वेळी हलगीवादकांस गप्प बसवण्याची प्रथा त्यांच्या कलेवर अन्याय करणारी आहे. तरी यंदापासून त्यांना सदर वेळी वाजवण्याची परवानगी मिळावी." यात एक शब्द खोटा नव्हता. हे मला आजही म्हणायचं आहे. फक्त घोड्याबद्दल मी काही लिहिलं नाही, आणि तसं कोणी विचारलंही नाही.

अध्यक्षांनी अर्ज वाचला, परत वाचला, मागची बाजू पाहिली. "येवढंच? धिक्कार कुठाय?"

"धिक्कार झाला की मागच्या पत्रकात."

शेठ शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "वाजू द्या की! पहिल्या बारीला काय ते सुतक पाळल्यासारखं. ड्रोनच्या शूटिंगला जोर येईल." अध्यक्षांनी सही केली, शिक्का मारला.

कोपऱ्यात बसून माझे वडील निशाणाच्या काठीला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. घरी येताना फक्त म्हणाले, "घोड्याचं सोडलंस वाटतं."

"सोडलं दादा."

"चांगलं केलंस," म्हणाले, आणि त्यांच्या चालीवरून मला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही.

यात्रेच्या सकाळी दोन्ही बांध भरले. खालच्या अंगाला गाडे रांगेत, बैलांच्या अंगावर भंडारा. पहिला नंबर मढकडच्या पाव्हण्यांचा होता, आणि त्यांच्या गाड्याजवळ चाचा घोडीचा लगाम धरून खाली मान घालून उभे. घोडीला मात्र हे राजकारण माहीत नव्हतं. नऊ वाजता आपण पळायचं एवढं तिला ठाऊक. ती रेघेकडं तोंड करून पाय आपटत होती, आणि चाचा तिला म्हणत होते, "थांब गं बाई, आज आपला लंबर न्हाई."

मग शेठचा घोडा आला. कपाळावर तुरा, पायांत चांदीचे वाळे, पाठीवर मखमल. वर काळा गॉगल लावलेला स्वार. अध्यक्षांनी नवाकोरा फेटा बांधून माइक धरला, वर ड्रोन घोंगावू लागलं, आणि वरच्या टोकाला वडिलांनी निशाण उभं केलं.

मामांनी हलगीवर पहिली टिपरी मारली.

घोड्याचे कान उभे राहिले. तो दोन पावलं पुढं गेला, तेव्हा मला वाटलं, हा खरंच पळतो की काय. मामांनी चाल बदलली. घोड्यानं मान कमानीसारखी वाकवली, उजवा पाय उचलला, डावा उचलला आणि जागच्या जागी नाचू लागला. स्वारानं टाच मारली. घोड्याला वाटलं, शाबासकी. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. मग बाजूनं चालत एका बांधाकडं गेला, तिथून दुसऱ्या बांधाकडं. घाटाच्या मधोमध जायला त्यानं जेवढा वेळ घेतला तेवढ्यात तिथून म्हैस चरून आली असती.

माझा हिशेब असा होता की लोक हुर्यो करतील. लोकांनी टोप्या उडवल्या. शिट्ट्या मारल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. "एक नंबर! आजून! आजून!" शेठ मांडवातून हात हलवत होते, ड्रोन घोड्याभोवती घिरट्या घालत होतं. मी बांधावर उभी राहून पाहत राहिले. शेठच्या घोड्याची जाहिरात मी केली होती. दुसऱ्यांदा.

पण जुंपलेला बैल नाचाला थांबत नाही. ऊन चढायला लागलं, बैल जू हिसडायला लागले, आणि गाडामालकांची तोंडं सुटली.

"आवो अध्यक्ष, शर्यत हाय का वरात?"

"नवरी कुठंय म्हणावं, आक्षता टाकून मोकळं होऊ!"

अध्यक्षांनी घाईघाईनं हलगी थांबवली. मामा थांबले, अगदी आज्ञाधारकपणे. आता घोडा पळेल असं सगळ्यांना वाटलं. पण वरातीच्या घोड्याला एक गोष्ट शिकवलेली असते: हलगी थांबली की नवरदेवाजवळ जायचं आणि पुढचे पाय दुमडून सलाम करायचा. घोड्यानं इकडं तिकडं पाहिलं. फेटा बांधलेला, हार घातलेला एकच माणूस त्याला दिसला. तो वळला, घाट उतरून सरळ मांडवात आला आणि अध्यक्षांसमोर गुडघे टेकून बसला. मग त्यांच्या गळ्यातला हार खायला लागला.

बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. एक आजी ओरडली, "आरं, जोडा शोभतोय!"

अध्यक्ष माइकवर म्हणाले, "बरं बरं, झाली पहिली बारी. दादा, निशाण पाडा. गाडे सोडायचेत."

वर वडील काठी धरून उभे. काठी हलली नाही.

"दादा, ऐकू येतंय का? निशाण पाडा!"

वडिलांकडं माइक नव्हता. त्यांनी बांधावरच्या माणसाला सांगितलं, त्यानं खालच्याला, त्यानं आणखी खालच्याला. निरोप हातोहात घाट उतरत आला: "दादा म्हणत्यात, रेघंवर टाप आल्याबिगर निशाण पडत नसतं." मधल्या कोणीतरी पुढं स्वतःचं जोडलं, "आन् लईच घाई आसंल तर अध्यक्षांना म्हणावं, तुमीच पळत या वर."

घरात मतदानापासून मोबाइलपर्यंत माझं आणि वडिलांचं पटत नाही. माझं पत्रक त्यांनी वाचलंही नव्हतं. पण बंदीच्या वर्षांत गवतातून येणाऱ्या एकट्या घोडीसाठी ज्यांनी हे निशाण पाडलं, ते एका हार खाणाऱ्या घोड्यासाठी पाडणार नव्हते. माझ्या दोन पानांत जे आलं नाही, ते त्या न हललेल्या काठीत आलं.

शेवटी मढकडचे पाव्हणे पुढं झाले. "अध्यक्ष, आमचे बैल फेस गाळायला लागलेत. घोडी हाय की हितं. सोडा तिला, आन् मिटवा."

अध्यक्ष चाचांकडं पाहून माइकवरूनच म्हणाले, "चाचा, घ्या मग. काढा एक बारी."

चाचा जागचे हलले नाहीत. "अध्यक्ष, आमच्या घरी पानसुपारी येती. मग आमी येतो."

"आता जुन्नरला कुठं जाऊ?"

"घर लांब हाय. पण घरातली ही एक आलीय बरूबर," चाचांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "हिच्यासमोर द्या."

अख्ख्या कमिटीत एकाकडं सुपारी नव्हती. मांडवात मिनरल वॉटर होतं, शाली होत्या, सुपारी नव्हती. मघाच्याच आजीनं बांधावरून आपली चंची फेकली. "घ्या! आन् परत द्या, आत तंबाखू हाय माझी."

फेटा सावरत, अर्धा खाल्लेला हार गळ्यात घेऊन अध्यक्ष माइक ठेवून चालत गेले आणि सगळ्या घाटासमोर चाचांच्या हातावर पानसुपारी ठेवली. हळूच काहीतरी बोललेही. काय ते चाचांनी कोणाला सांगितलं नाही.

चाचा घोडीवर बसले. मी मामांकडं वळले. हलगी बगलेत गेलेली.

"मामा, वाजवा की! सही-शिक्का आहे."

"ऱ्हाऊ दे."

"अहो, हक्क आहे तुमचा. मी लिहून घेतलाय."

"हक मिळाला ना वाजवायचा? मंग आता गप ऱ्हायचा बी माझाच." मामा रेघेकडं बघत म्हणाले, "थांब. ऐकू दे."

सोडणाऱ्यांची 'भिर्र' अशी आरोळी झाली. घोडी सुटली. एवढ्या माणसांत फक्त टापा वाजत होत्या, आधी मातीवर जड, मग चढावर भराभर, मग दूर. रेघेवर पांढरी धूळ उडाली आणि वडिलांनी निशाण पाडलं. खालचे बैल एकदम उसळले. म्हणजे टापा बैलांना ऐकू येतात, हे मी पाहिलं. देवाचं मला माहीत नाही.

पुढच्या बाजारी मी बेल्ह्याला गेले. बैलांच्या रांगांमधून, टेम्पोंच्या आडून शोधत फिरले. चाचा सापडले. दोरखंड आणि म्होरक्यांच्या दुकानापुढं उकिडवे बसले होते. एकटेच.

"घोडी कुठंय?" माझा आवाज जरा चढलाच.

"घरी. का?" त्यांनी जनावराच्या तोंडावर बांधायची लाल गोंड्यांची एक म्होरकी माझ्यापुढं धरली. "ह्यो रंग चांगला दिसंल का निळा? जुनी विटली आता. फुडच्या साली पहिल्या बारीला बरी दिसाया पायजे."

मी लाल म्हणाले. त्यांनी निळी घेतली.

"आन् बेटा," म्होरकी पिशवीत टाकत म्हणाले, "फुडच्या टायमाला पत्रक काढलंस तर घोडीचं नाव टाक. शेवंती. मोठ्या अक्षरात."